चौथ्या थरातली खापरं

“पाय उचल! ढोल, आधी पाय उचल!”

ढोलने दचकून दोन्ही पाय एकदम उचलले. तो सायकलवर बसलेला होता, त्यामुळे व्हायचं तेच झालं. सायकल एकीकडे, ढोल दुसरीकडे, आणि खाली विटांच्या तुकड्यांचा ढीग!

“साप होता?” त्याने पडल्यापडल्या विचारलं.

“साप नाही रे. आकडा!”

“आकड्यांना मी फक्त गणिताच्या तासाला घाबरतो!”

टिपीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्याच्या बुटाखालून निघालेला एक लाल तुकडा ती गुडघ्यांवर बसून फुंकरीने साफ करत होती.

टिपीचं पूर्ण टोपणनाव टिपकागद. शाई टिपून घेणाऱ्या कागदासारखं तिच्या नजरेने सगळं टिपलं जायचं, म्हणून वर्गाने ते तिला बहाल केलं होतं. सुट्टीत ती मावशीकडे आली होती. मावशीची दोन मुलं. एक तेरा वर्षांचा ढोल, ज्याची कुजबुजसुद्धा तीन घरांपलीकडे ऐकू जायची. दुसरी आठ वर्षांची काऊ. ती दिवसभर “का? का?” करायची, मग तिला दुसरं नाव पडणार तरी कसं?

मावशी शहरातल्या संग्रहालयात फुटकी मडकी जोडायची. साधीसुधी नव्हे, पाच हजार वर्षांपूर्वीची! शहराबाहेर नदीकाठी एक टेकाड होतं. तिथे उत्खननात एक आख्खं गाव सापडलं होतं. टेकाडाच्या पायथ्याशी एक छोटं संग्रहालय होतं आणि शहरात हे मोठं. आज मावशी संचालकबाईंबरोबर परगावी बैठकीला गेली होती. “मोठं बघून झालं, आज छोटं बघून या,” असं सांगूनच ती निघाली होती. म्हणून तर तिघं मागच्या फाटकातून सायकली काढत होती!

“हे बघा,” टिपी म्हणाली.

तळहाताएवढं खापर होतं ते. आतल्या बाजूला नखाएवढी पांढरी पट्टी आणि त्या पट्टीवर काळ्या शाईत मुंगीच्या पायांसारखी अक्षरं : क ४ – ११२.

“मावशीने परवा दाखवलं नव्हतं का? उत्खननात सापडलेल्या प्रत्येक तुकड्यावर ती असाच आकडा घालते!”

“मग हा बाहेर का पडलाय?” काऊने विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदाच काऊच्या प्रश्नावर कुणी हसलं नाही.

फाटकापासून नव्या दालनाच्या दारापर्यंत एक लांब चर खणलेला होता. तिथे पायवाट होणार होती. चरात विटा, दगड, आणि... टिपीने वाकून पाहिलं. लाल, काळी, करडी खापरं! शेकडो! ढोलने एक उचललं, ग ३ – ४०. काऊने एक उचललं, क ४ – ९८.

“ए पोरांनो! व्हा बाजूला!” बांधकामाचा मुकादम ओरडत आला. “तीन वाजता काँक्रीट पडायचंय इथे. पाय अडकला तर पुढल्या सुट्टीपर्यंत इथेच उभे राहाल!”

“पण काका, ही खापरं कुठून आणलीत?”

“अडगळीच्या खोलीतून. एक्केचाळीस खोकी! साहेबच म्हणाले, अडगळ रिकामी करा. म्हटलं, बरंच झालं, भरावाला बाहेरून खडी नको.”

साहेब म्हणजे संग्रहालयाचे व्यवस्थापक. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं नंतरसाहेब. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. आत्ताही ते नव्या दालनाच्या उद्याच्या उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिका लिफाफ्यांत भरत होते आणि दोन्ही खांद्यांवर दोन फोन तोलत होते.

“साहेब, चरात उत्खननातली खापरं टाकलीत!” टिपी म्हणाली.

“नंतर बघू.”

“तीन वाजता काँक्रीट पडेल, साहेब. मग नंतर काय बघणार?”

साहेबांनी खापराकडे ओझरतं पाहिलं. “हा वीटभट्टीचा आकडा असेल. संग्रहाची खोली कुलूपबंद आहे, किल्ली माझ्या खिशात आहे. मुकादमाने अडगळीची खोली रिकामी केलीय. दारावर पाटी आहे, वाचता येतं ना?”

“पण साहेब...”

“कागद आणा. कागदावर पुरावा असेल तर बोला. नाहीतर नंतर!”

नंतरसाहेबांशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिघं बाहेर आली. ढोलने आईला फोन लावून पाहिला. बंद! बैठक चालू असणार.

“साहेब एक मात्र बरोबर बोलले,” टिपी म्हणाली. “पाटी वाचायला हवी.”

तळघरात ताज्या रंगाचा वास दरवळत होता. समोरासमोर दोन दारं, दोन्ही हिरवीगार. डावीकडच्या पाटीवर ‘अडगळ’, उजवीकडच्या पाटीवर ‘अभ्याससंग्रह’. अडगळीचं दार सताड उघडं होतं आणि आत शुकशुकाट होता. फक्त भिंतीभर लाकडी फळ्या होत्या, पुसून लख्ख केलेल्या. प्रत्येक फळीच्या कडेला कागदी चिठ्ठी होती : क, ख, ग...

“अडगळीच्या खोलीत इतकी टापटीप?” ढोल म्हणाला. “माझं कपाट अडगळ आहे. तिथे मी चिठ्ठ्या लावतो का?”

टिपीने समोरच्या कुलूपबंद दाराच्या फटीला डोळा लावला. आत तीन पायांची खुर्ची होती, पातं तुटलेला पंखा होता आणि बूड नसलेली बादली!

“पाट्यांची अदलाबदल झालीय!” ती ओरडली. “रंगाऱ्याने दारं रंगवताना पाट्या काढल्या आणि लावताना उलट्या लावल्या. मग कुलूपही पाटी बघून चुकीच्या दाराला लागलं. ही खरी अडगळ, आणि ती रिकामी खोली म्हणजे संग्रह!”

ढोल धावत जाऊन साहेबांना ते सांगून आला. तेवढ्याच वेगाने परतलाही. “म्हणतात, कागद आणा!”

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. कागद कुठे असणार? टिपीला मावशीचं बोलणं आठवलं. खापरांची मूळ नोंदवही टेकाडापाशी असते, कारण ती तिथेच लिहिली गेली. टेकाड पाच किलोमीटरवर होतं.

“मी जाते,” ती म्हणाली. “तुम्ही दोघं इथे थांबा. काहीही करा, पण काँक्रीट पडू देऊ नका!”

“काहीही?” ढोलचे डोळे चमकले.

“खोटं बोलायचं नाही, चरात उतरायचं नाही आणि काऊला नजरेआड होऊ द्यायचं नाही. बाकी काहीही!”

टिपीने सायकल अशी हाणली की रस्त्याकडेची झाडं मागे पळू लागली. शेवटच्या चढावर तर उतरून ढकलावी लागली. टेकाडाच्या पायथ्याशी जुनं पंपघर होतं, तेच छोटं संग्रहालय. दारातच त्याचे रखवालदार बसले होते. सगळे त्यांना टेकाडकाका म्हणायचे. सोळा वर्षांचे असताना ते या उत्खननात माती वाहायला आले होते आणि पुढे तिथलेच होऊन गेले होते.

टिपीला इतकी धाप लागली होती की तोंडातून शब्द फुटेना. तिने नुसतंच खापर पुढे केलं.

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. आकडा वाचला. मग ते तडक आत गेले. टिपी त्यांच्या मागोमाग गेली, आणि इतक्या घाईतही तिची पावलं थबकली.

खोलीच्या मध्यभागी, काचेखाली, एका घराची जमीन होती. खरीखुरी! माती चोपून चोपून केलेली, मध्ये काळवंडलेली चूल, कडेने खांबांचे गोल खड्डे. भिंतीशी एक जातं होतं. म्हणजे नुसता दगडच, पण दोन हातांनी वर्षानुवर्षं धान्य रगडून रगडून त्याला होडीसारखा खोलगट आकार आला होता. शेजारी मण्यांची माळ. मणी मोहरीपेक्षा थोडे मोठे, आणि प्रत्येकाला आरपार भोक!

“हे भोक कशाने पाडलं?” टिपीला राहवलं नाही.

“गारगोटीच्या टोकाने. तेव्हा लोखंड नव्हतं, पोरी. एका मण्याला दिवस जात असेल.” काका कपाटातून जाडजूड वही काढत म्हणाले, “लिहिणंही नव्हतं. या लोकांनी आपल्यासाठी एक अक्षर ठेवलं नाही. ठेवली ती खापरं. काय खात होते, कुठून आले, कुणाशी देवाणघेवाण होती, सगळं त्यांतूनच वाचायचं. म्हणून तर प्रत्येक तुकड्याला आकडा. कुठे सापडला हे विसरलं, की तो मुका झाला म्हणून समज.”

त्यांचं बोट ओळींवरून सरकत थांबलं. “हं, सापडलं! क ४ – ११२. खंदक क, थर चौथा. लाल खापर, काठाजवळचं. चुलीच्या डाव्या बाजूला.” त्यांनी काचेखालच्या चुलीकडे पाहिलं. “या चुलीच्या. मी स्वतः काढलंय हे, ब्रशने. सबंध दुपार गेली होती. हे तुझ्याकडे कसं आलं?”

टिपीने एका दमात सगळं सांगितलं. चर, मुकादम, पाट्या, तीन वाजता काँक्रीट!

काकांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ते वही काखेत मारून निघाले आणि दाराशी येऊन थांबले. दारामागे नियमांची यादी टांगलेली होती. पहिलाच नियम : नोंदवही या इमारतीबाहेर नेऊ नये.

“तीस वर्षं मी हा नियम मोडलेला नाही,” ते हळूच म्हणाले.

टिपीचा जीव टांगणीला लागला. काय बोलावं? मोठ्या माणसाला नियम मोडा असं सांगायचं तरी कसं?

“काका,” ती म्हणाली, “तुम्ही वहीबरोबरच राहा ना. वही तुमच्या हातातून सुटणारच नाही!”

काकांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी एका कागदावर लिहिलं, ‘नोंदवही शहरातल्या संग्रहालयात नेली आहे. जबाबदारी माझी.’ खाली सही केली, वेळ घातली आणि कागद कपाटाला चिकटवला. “आता बोल! स्कूटरवर घट्ट धरून बसता येतं ना?”

तीनला पाच मिनिटं कमी असताना स्कूटर फाटकातून आत शिरली. काँक्रीटचं मिक्सर आधीच येऊन उभं होतं! त्याचा पोटासारखा ड्रम घरघर फिरत होता. टिपीने डोळे मिटून घेतले. मग हळूच एक उघडला.

चर अजून मोकळा होता.

चराच्या तोंडाशी पालथ्या घमेल्यावर काऊ बसली होती. समोर मिक्सरचा चालक घाम पुसत उभा होता.

“ड्रम सारखा का फिरतो?”

“थांबला तर आतलं काँक्रीट घट्ट होईल, बाळ.”

“घट्ट का होईल?”

“सिमेंटमध्ये पाणी पडलं ना, म्हणून.”

“मग पाणी का टाकलंत?”

चालकाने आभाळाकडे पाहिलं.

पलीकडे ढोल आणि मुकादम दोघं पोटावर पालथे पडून चराच्या कडेने काहीतरी बघत होते. ढोलच्या हातात पाण्याची बाटली होती.

“बघा ना काका, मी पुन्हा ओततो!” ढोलचा आवाज साऱ्या आवारात घुमला. “पाणी कुठे चाललंय? दालनाच्या दाराकडे! पहिल्या पावसात तुमची पायवाट सगळं पाणी आत नेऊन सोडणार!”

मुकादम डोकं खाजवत होता. “उतार उलटा झालाय खरा. सकाळी दोरी लावली होती की मी...”

“लावली होती की लावायची राहिली?”

मुकादम खिशात दोरी शोधू लागला.

तेवढ्यात नंतरसाहेब तरातरा बाहेर आले. “अजून ओतलं नाही? उद्या पाहुणे येणार! हे काय चाललंय?”

“साहेब,” टेकाडकाका पुढे झाले. “वाचून दाखवतो. ऐकून घ्या.”

“नंतर...”

“नंतर नाही, आत्ता!”

टेकाडकाकांचा आवाज चढलेला आजवर कुणीही ऐकला नव्हता. साहेबांचे दोन्ही फोन खाली आले.

“पोरी, चराच्या कडेचा कुठलाही तुकडा उचल. आकडा सांग.”

“क ४ – ९८,” टिपी म्हणाली.

“काळं-तांबडं खापर, आतून काजळी. चुलीत सापडलं.”

“ग ३ – ४०!”

“वाडग्याचं बूड. खाली चटईचा ठसा.”

टिपीने तुकडा उलटा केला. बुडाला चटईची वीण उमटलेली होती. एकेक काडी मोजता येईल इतकी स्पष्ट! पाच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ओलं वाडगं चटईवर ठेवलं होतं, त्याचा ठसा. मुकादमसुद्धा मान लांब करून बघू लागला.

साहेबांनी तो तुकडा हातात घेतला. बराच वेळ ते बघत राहिले. मग खिशातून किल्ली काढून तळघराकडे जवळजवळ धावत गेले. परत आले तेव्हा हातात बूड नसलेली बादली होती आणि चेहऱ्यावर एवढंच लिहिलं होतं की आता काय करू?

“काम थांबवा,” ते कसेबसे म्हणाले. “ताबडतोब!”

“थांबवा काय?” चालक कळवळला. “अर्ध्या तासात रिकामं केलं नाही तर माझ्या ड्रममध्येच दगड होईल!”

ड्रम घरघरतच होता.

“पण तुम्हाला इथेच का ओतायचंय?” काऊने विचारलं. “तिकडे का नाही?”

तिने बोट दाखवलं तिकडे फाटकाशेजारी मोठा चौकोनी खड्डा होता. त्यावर जनित्राचा चौथरा व्हायचा होता. चालकाने मुकादमाकडे पाहिलं, मुकादमाने साहेबांकडे.

“तो चौथरा पुढच्या आठवड्यात करायचाय,” साहेब म्हणाले. आणि त्यांनाच काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी मान हलवली. “नाही. आजच करा. आत्ताच!”

संध्याकाळी मावशी आणि संचालकबाई परतल्या, तेव्हा त्यांना चराकाठी अजब दृश्य दिसलं. मुकादम, त्याचे चार गडी, मुलं, टेकाडकाका आणि बाह्या सरसावलेले नंतरसाहेब, सगळे ओळीने उकिडवे बसून खापरं वेचत होते. मावशीने हातातली पिशवी तिथेच टाकली. काय झालं ते ऐकताना तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने तिघांना एकदमच कवेत घेतलं, इतकं घट्ट की ढोलसुद्धा गप्प झाला.

“रंगाऱ्याला विचारलं मी,” साहेब खाली मान घालून संचालकबाईंना म्हणाले. “तो म्हणाला, दोन्ही पाट्या ‘अ’ने सुरू होत होत्या, मी तेवढंच बघून ठोकल्या. पण चूक त्याची नाही. खोकी बाहेर जाताना एकही उघडून बघितलं नाही, ती चूक माझी. या मुलीने माझ्या टेबलावर खापर ठेवलं, तरीही मी ते नीट बघितलं नाही.”

संचालकबाईंनी उद्घाटन आठ दिवस पुढे ढकललं. पुढचे चार दिवस कुणी मान वर केली नाही. भरावाची माती घमेल्याने चाळणीवर यायची, चाळणीतून खापर निघायचं, टेकाडकाका आकडा पुकारायचे आणि टिपी वहीत खूण करायची. एक्केचाळीस खोक्यांतली बहुतेक सगळी खापरं परत फळ्यांवर गेली. एकोणीस मात्र कुठेच मिळाली नाहीत. काही गाडीच्या चाकाखाली भुगा होऊन गेली होती. टिपीने त्या एकोणीस आकड्यांसमोरच्या जागा कोऱ्या ठेवल्या. त्या रात्री तिला जेवणही नीट गेलं नाही.

पाचव्या दिवशी मावशीने तिघांना आपल्या कामाच्या खोलीत बोलावलं. वाळूने भरलेल्या परातीत एक मडकं उभं होतं. खालचा अर्धा भाग नव्हता, पण काठ पूर्ण होता, सात तुकड्यांचा.

“वर्षानुवर्षं हे तुकडे वेगवेगळ्या खोक्यांत होते,” मावशी म्हणाली. “सगळं एकदम एका जागी पसरलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे एकाच मडक्याचे. बघा तरी काय आहे ते!”

काठावर बोटाने दाबून नक्षी केलेली होती. ओल्या मातीत ओळीने ठसे, एकासारखा एक, सुबक.

“सगळे सारखे नाहीत,” टिपी म्हणाली. तिचं नाक जवळजवळ मडक्याला लागलं होतं. “इथे मोठे, मोठे, मोठे. मग हे चार एवढेसे आणि वाकडेतिकडे. मग पुन्हा मोठे.”

“बरोब्बर!” मावशीच्या डोळ्यांत पाणीही होतं आणि हसूही. “आई असेल, आजोबा असतील, कोण जाणे. कुणीतरी मडकं करत बसलं होतं, आणि शेजारून कुणीतरी म्हणालं असणार...”

“मी पण!” काऊ ओरडली.

खोलीत सगळे हसले. काऊने आपली करंगळी हवेतच, मडक्याला न लावता, त्या छोट्या ठशासमोर धरली. ठसा तिच्या करंगळीएवढाच होता.

“मोठ्या माणसाने ते वाकडे ठसे पुसले का नाहीत?” तिने विचारलं.

मावशीने परात फिरवून ते चार ठसे तिच्यासमोर आणले.

उद्घाटनाच्या दिवशी नव्या दालनात मधोमध तेच मडकं ठेवलं होतं. सरळ उतार दिलेल्या पायवाटेवरून पाहुणे आले. संचालकबाईंनी भाषणात सांगितलं, “आम्ही मोठी माणसं दारावरची पाटी वाचून थांबलो. या तिघांनी दारामागे काय आहे ते पाहिलं. आज या दालनात जे काही आहे, ते यांच्यामुळे आहे!” टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या नंतरसाहेब वाजवत होते. टेकाडकाका मागच्या रांगेत वही मांडीवर घेऊन बसले होते. दोन्ही हातांनी वही धरलेली, त्यामुळे ते नुसती मान डोलावत होते.

मडक्याखालची चिठ्ठी मात्र कोरी होती. मावशीने पेन टिपीच्या हातात दिलं. “लिही.”

“मी? मला कुठे एवढं कळतं?”

“तू जे पाहिलंस तेवढंच लिही.”

टिपीने विचार केला. मग सावकाश, आपल्या नेहमीच्या गोल अक्षरात तिने लिहिलं :

‘मडक्याचा काठ. खंदक क, थर चौथा. काठावरची नक्षी दोघांनी मिळून केली आहे. त्यांतलं एक लहान होतं.’

संचालकबाईंनी चिठ्ठी उचलली, वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली.

“यातलं एक अक्षरही बदलायचं नाही,” त्या म्हणाल्या, आणि चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने मडक्यासमोर लावली.